गुणाजी अण्णांच्या नावावर

मानपाडा, डोंबिवली पूर्व
गुरुवार, जेवणाच्या सुट्टीत

ती. सम्यकदादास, तुझ्या धाकट्या मावसभावाचा, म्हणजे राजरत्नचा, मान खाली घालून जय भीम.

तू बरा असशील. रचनावहिनी बरी असेल. बाळीला दात येतायत असं मावशी म्हणालेली, ते आले का? चावते का? तुझ्या कमरेचं काय? सातपूरच्या कंपनीत म्हणे खुर्ची चांगली दिलीय. (इथली तुझी खुर्ची मला मिळालीय. ती डावीकडे कलते. तू असताना पण कलायची का माझ्यापासून सुरू झालं, हे कळव. मधुभाऊ म्हणतात खुर्ची माणूस ओळखते.) आई बरी आहे, विठ्ठलवाडीची खोली बरी आहे, नळाला पाणी येतं. मी तेवढा बरा नाही. ताप ऑफिसच्या जिन्यात चढतो आणि स्टेशनला पोचलो की उतरतो, म्हणजे आजार तापाचा नसावा.

तू म्हणशील, फोन करायचा सोडून हा कागदावर काय लिहीत बसला. तर दादा, या आठवड्यात मी जे काय वाचलंय त्याने मला टाइप करायचीच भीती बसलीय. टाइप केलेलं कुठेतरी राहतंच. पुसलं तरी राहतं, वर ‘याने पुसलं’ हे पण राहतं. कागद निदान फाडता येतो. गिळता पण येतो. (शाळेत भूगोलाच्या पेपरला मी गिळलेला, आठवतंय ना. त्यानंतर दोन दिवस मला सह्याद्रीच्या रांगा पाठ होत्या.)

आता मधला भाग तुला माहीत आहे, पण पत्र वहिनी मोठ्याने वाचणार आणि तू पालथा पडून कमरेला तेल लावून घेणार, म्हणून वहिनीसाठी सांगतो. वहिनी, आमच्या ऑफिसात (मालक रवींद्र सर, आणि मधुभाऊ, भावना, मी, एवढेच) मंगल कार्यालयांचा प्रोग्रॅम बनतो. कल्याण-डोंबिवलीतले कितीतरी हॉल तो वापरतात. हॉल बुक झाला की पार्टी पाहुण्यांचे नंबर देते, आणि कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी सगळ्यांना, ज्याचा कार्यक्रम त्याचं नाव भरून, मेसेज आपोआप जातो. लग्नाचा वेगळा, बारशाचा वेगळा, साखरपुड्याचा वेगळा, आणि हॉल कार्याला पण देतात, म्हणून दहाव्या-तेराव्याचा वेगळा. या प्रोग्रॅमची एक ओळ जरी कोणी बदलली तरी ‘कमिट’ करावं लागतं. म्हणजे काय बदललं ते मशीन नोंदवून ठेवतं, सोबत नाव, तारीख, वेळ, आणि का बदललं ते आपण एका ओळीत लिहायचं. हे सगळं सांभाळणाऱ्या यंत्रणेला गिट म्हणतात. सासूसारखी आहे. सगळं लक्षात ठेवते आणि विचारल्याशिवाय बोलत नाही. (मावशीबद्दल नाही म्हणत. मावशी विचारल्याशिवाय पण बोलते.)

तर झालं असं. तुळशीची लग्नं लागली आणि सीझन सुरू झाला. सीझनची पहिलीच हळद धाकूशेठच्या मुलीची, पायलची. धाकूशेठ म्हणजे इथल्या गावातले जुने आगरी, त्यांच्या शेतावर आता बिल्डिंगा आहेत आणि त्या बिल्डिंगांना रेती-सिमेंट पण तेच पुरवतात. त्यांच्याकडची हळद म्हणजे तुला सांगायला नको, लग्न एक वेळ छोटं होईल, हळद नाही. सकाळी मेसेज गेला. जायला हवा होता तो असा की हळदी समारंभास सहकुटुंब यावे, पिवळी वस्त्रे परिधान करावीत. गेला तो असा: ‘कै. पायल यांच्या जाण्याने झालेल्या आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. विधीनंतर अल्पोपाहाराची सोय आहे. कृपया पुष्पगुच्छ आणू नयेत.’

दादा, लोक पांढरे कपडे घालून आले.

मी तिथे नव्हतो, पण माझा मोहने गावातला मित्र त्या हळदीला डीजेवर होता. (मी पण आधी त्याच्याबरोबर स्पीकर उचलायचो. सोडून दिलं कारण एकदा वरातीत गाणं ऐकत ऐकत मी दुसऱ्याच वरातीबरोबर गेलेलो.) त्याने सांगितलं की पहिल्या गाण्याला कोणी हललंच नाही. बायका तोंडाला पदर लावून आत आल्या आणि समोर नवरी पिवळीजर्द, हसत, मोबाईलमध्ये फोटो काढत बसलेली. एक म्हातारी किंचाळून खालीच बसली. उरणहून आलेली आत्या मुलीच्या आईच्या गळ्यात पडून रडायला लागली, आईला वाटलं पोरगी सासरी जाणार म्हणून रडते, म्हणून ती पण रडली, आणि बराच वेळ दोघी वेगवेगळ्या कारणासाठी छान रडल्या. नवऱ्याकडून फोनवर फोन. शेवटी धाकूशेठ स्वतः स्टेजवर चढले आणि माइकवर म्हणाले, ‘पोरगी हाय! जेवून जा!’

लग्न दुसऱ्या दिवशी नीट लागलं. आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी धाकूशेठ आमच्या ऑफिसात आले.

मला वाटलेलं आरडाओरडा होईल. आरडाओरडा मला चालतो, मी घरी ऐकूनच मोठा झालो. पण ते ओरडले नाहीत. एकटेच आले, चपला बाहेर काढल्या, रवींद्र सरांच्या समोर बसले, पाणी दिलं ते प्यायले नाहीत. आणि हळू आवाजात म्हणाले, ‘यो कोनी केला? मना त्याचा नाव पायजे.’ सर म्हणाले, शेठ, सिस्टीमची चूक झाली, आम्ही लेखी माफी देतो, पैसे परत करतो. शेठ म्हणाले, ‘पैशाचा नाय. सिस्टीम कोन? सिस्टीमचा बापूस कोन? मना मानूस पायजे. शनवारी येतंव.’ आणि उठले. जाताना आम्हा सगळ्यांकडे एकेकदा बघून घेतलं. माझ्याकडे जरा जास्त बघितलं. (मधुभाऊ म्हणतात सारखंच बघितलं. पण मधुभाऊ त्या वेळी टेबलाखाली पेन शोधत होते.)

सरांनी दार लावलं आणि म्हणाले, ‘ज्याने केलं त्याने आत्ताच बोला.’ सगळे आपापल्या स्क्रीनकडे वळले. भावना म्हणाली, ‘सर, गिटमध्ये असणारच. कोणीतरी सगळी कमिटं काढून बघायला पाहिजेत.’ सर म्हणाले, ‘कोण काढणार?’ भावना म्हणाली तिला सोमवारपर्यंत कल्याणच्या हॉलचं काम द्यायचंय. मधुभाऊंना एकदम कोणाचा तरी फोन आला, जो वाजलेला नव्हता. मग सर माझ्याकडे वळले. ‘राजरत्न, तू इंटरव्ह्यूला पायथन येतं म्हणालेलास ना?’

दादा, ते मी तुझ्या सांगण्यावरून म्हणालेलो. मला येतं तेवढं येतं. ठाण्याला तलावपाळीजवळच्या क्लासला मी नाव घातलेलं, पण क्लास संध्याकाळचा, आणि संध्याकाळी तलावात बोटी सुटतात. पहिले काही धडे झाले, बाकीचे मी बोटीत केले. तरी म्हटलं, हो सर. खिडकीतून मला खाली रस्ता दिसत होता आणि रस्त्यावर धाकूशेठची गाडी अजून वळत होती, अशा वेळी माणूस हो म्हणतो.

तर मी प्रोग्रॅम लिहिला. गिटला म्हणायचं, पहिल्या दिवसापासूनची सगळी कमिटं ओत. मग पायथनने (वहिनी, ही प्रोग्रॅम लिहायची भाषा) एकेक ओळ उचलायची, नाव वेगळं, तारीख वेगळी, मजकूर वेगळा करायचा, आणि कोणाच्या नावावर किती ते छापायचं. पायथनचं एक आहे, ओळीच्या आधी जागा सोडायची तेवढीच सोडावी लागते, एक जागा कमी-जास्त झाली की रुसून बसतो. माझा सकाळभर रुसला. मी खाली जाऊन चहा प्यालो, टपरीवाल्याशी त्याच्या मेव्हण्याच्या शेळ्यांबद्दल बोललो (बकरी ईदच्या वेळी भाव सांगेन म्हणाला, आपल्याला काय करायचंय, पण ऐकून घेतलं), वर आलो, जागा नीट केली, आणि चालवला. माझ्यामागे सर, भावना, मधुभाऊ असे तिघं उभे. माझ्या मानेवर तिघांचे श्वास.

स्क्रीनवर एकच नाव आलं.

गुणाजी.

मी म्हटलं चुकला असेल. परत चालवला. गुणाजी. खाली गुणाजी, वर गुणाजी, आजच्या तारखेला गुणाजी. सगळी कमिटं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, गुणाजीची. तिकडे कोपऱ्यात, पाण्याच्या बाटलीच्या वर, भिंतीवर गुणाजी अण्णा. सरांचे वडील. चंदनाचा हार, खाली लाल बल्ब, आणि फोटोखाली जाण्याची तारीख, तीन वर्षांपूर्वीची.

दादा, आपल्या घरात कोणी भूत मानत नाही. पितर नाही, श्राद्ध नाही, उतारा नाही. आजोबांनी तर स्मशानाच्या भिंतीला टेकून डबा खाल्लाय. हे सगळं मी मनात म्हणत होतो आणि खुर्ची मागे मागे सरकवत होतो. मधुभाऊंनी उदबत्ती लावली. ती त्यांनी कॉम्प्युटरलाच ओवाळली. सर बघत राहिले आणि पुटपुटले, ‘अण्णांना तर मोबाईल पण लावता येत नव्हता.’ मी विचारलं, ‘सर, अण्णा रागावलेले का गेले?’ सर म्हणाले, ‘जरासे.’

तेवढ्यात भावना कपाळावर हात मारून हसायला लागली. दोन मिनिटं तर मला वाटलं हिला पण धरलं. मग म्हणाली, ‘अहो सर, ऑफिस उघडलं तेव्हा पहिल्या कॉम्प्युटरला नाव काय दिलं तुम्ही?’ आणि सगळं बाहेर आलं. सरांच्या गावाकडे, तळकोकणात, दुकान काढलं की पहिलं बिल वडिलांच्या नावाने फाडतात. सरांनी पहिला कॉम्प्युटर आणला, दसऱ्याला झेंडूचा हार घातला, गिटने ‘तुझं नाव काय’ विचारलं आणि सरांनी मोठ्या भक्तीने अण्णांचं नाव घातलं. शकुन म्हणून. मग दुसरा कॉम्प्युटर आला, तो पहिल्यावरून कॉपी मारला. तिसरा दुसऱ्यावरून. नाव कोणी बदललंच नाही. आपण सगळे गुणाजी आहोत, दादा. मी गुणाजी, भावना गुणाजी, तू होतास तेव्हा तू गुणाजी. भावना मला म्हणाली, ‘गाढवा, मेलेला माणूस काही करत नाही, पण जिवंत माणसं त्याच्या नावावर काय वाट्टेल ते करतात. तुमच्या गल्लीतली रेशनकार्डं बघ.’

मी खुर्ची परत पुढे घेतली. पण अण्णा निर्दोष सुटले, म्हणजे जिवंतांपैकीच कोणीतरी, हे पण त्याच क्षणी ठरलं. मग सर म्हणाले, ‘नाव नाही तर सवयीवरून ओळख. प्रत्येकाची लिहायची तऱ्हा वेगळी असते.’ आणि खाली मान घालून म्हणाले, ‘नाहीच सापडलं तर... बघू. तू नवीन आहेस, राजरत्न. नवीन माणसाची चूक लोक पोटात घालतात.’ धाकूशेठचं पोट मी बघितलंय दादा. खूप काही मावेल.

कालपासून मी तऱ्हा वेगळ्या काढतोय. वाचलं तर वाटतं अण्णांच्या अंगात चार जण आहेत (तुझी जुनी कमिटं सोडून, तू तर गेलास). एक अण्णा शुद्ध इंग्रजीत लिहितात आणि शेवटी पूर्णविराम देतात, ते म्हणजे भावना. एक अण्णा फक्त ‘श्री’ लिहितात, ते सर. एक अण्णा ‘झालं, बघून घ्या, काय असेल तर उद्या’ म्हणतात, ते मधुभाऊ. आणि एक अण्णा पानभर लिहितात. ते मी. मला माहीतच नव्हतं मी एवढं लिहितो. एका कमिटात लिहिलंय, ‘बारशाच्या मेसेजमध्ये पाळण्याचं चित्र टाकत होतो तेवढ्यात खाली वडे तळायला घेतलेत असा वास आला म्हणून अर्धं सोडून जातोय, आल्यावर पुरं करतो.’ आल्यावरचं कमिट शोधलं. नाही. अशी अर्धी सोडलेली माझी बरीच आहेत, आणि प्रत्येकाच्या वेळी मी कुठे ना कुठे निघालेलो आहे. आता मला सांग, हळदीचा मेसेज मीच अर्धा सोडून गेलो नसेन कशावरून? मला आठवत नाही. मला काहीच आठवत नाही, हीच तर भीती आहे. उद्या मी माझाच प्रोग्रॅम चालवणार आणि तो माझंच नाव काढून सरांच्या हातात देणार, आणि परवा सर ते धाकूशेठच्या हातात. स्वतःच्या फासाला स्वतःच तेल लावतोय.

मधुभाऊ मघाशी म्हणाले, ‘रत्न्या, शनिवारी जरा बरा शर्ट घाल. फोटो चांगला यायला हवा. भिंतीवर अण्णांच्या बाजूला जागा आहे.’ आणि माझ्या डब्यातलं अंडं घेतलं. म्हणाले, ‘तुला काय आता.’

सुट्टी संपली. आईला यातलं काही कळवू नकोस. वहिनीला नमस्कार, बाळीला पापा.

तुझा (अजून आहे तोवर)
राजरत्न

ता. क. (शुक्रवार) : पत्र टाकायचं राहिलं. पोस्टाकडे निघालेलो, वाटेत क्रिकेटची मॅच लागलेली, एक माणूस कमी होता. बरं झालं राहिलं, कारण ज्याने केलं तो सापडला. प्रोग्रॅमला सांगितलं, हळदीच्या मजकुराला हात लावलेली कमिटं तेवढी काढ. मूळ मजकूर टाकला ते सोडून एकच आलं. भाद्रपदातलं. माझा जन्म या ऑफिसात व्हायच्या आधीचं, म्हणजे मी नाही. मी नाही, दादा! मी खुर्चीतून उठलो आणि खुर्ची डावीकडे पडली. मग मजकूर वाचला. ‘तात्पुरतं. पितृपक्षात हळदी नसतात, तिथली जागा रिकामीच आहे, श्राद्धाचा नवा मजकूर तिथे ठेवलाय. पक्ष संपला की परत बदलणे.’ ‘बदलणे’. शेवटी ‘णे’ लावून या ऑफिसात एकच माणूस लिहायचा, आणि तो घटस्थापनेला नोकरी सोडून सातपूरला गेला. दादा, तू अख्ख्या जन्मात पितृपक्ष पाळला नाहीस, आणि पाळलास तो एकदाच, तो पण धाकूशेठच्या पोरीला.

तर आता खरं काम. पत्राच्या वर जे कमर आणि दात वगैरे लिहिलंय ते मनापासून आहे, पण लिहायला बसलो ते यासाठीच की काहीही निघालं तरी तू माझ्या बाजूने उभा राहशील. आता तूच निघालास, तर अजून सोपं. सरांचा फोन आला तर ‘हो, मीच’ म्हण. तू नाशिकला आहेस, मध्ये कसारा घाट आहे. मला मध्ये फक्त टेबल आहे. मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. तुझं नाव माझ्या जिभेवर येतं आणि मला तू खांद्यावर बसवून चैत्यभूमीला नेलेलं आठवतं, की मग परत गिळतो.

एक चांगली बातमी. भावना म्हणाली आता प्रत्येकाने आपापलं नाव घाला. बाकीचे म्हणाले शनिवार जाऊ दे. मी लगेच घातलं. आणि ती हळदीची ओळ मीच नीट केली, माझ्या नावाने कमिट केलं. एवढ्या मोठ्या यादीत पहिल्यांदा एका जिवंत माणसाचं नाव. बघत बसलो. इतकी कामं केली दादा, स्पीकर उचलले, मोबाईलची कव्हरं विकली, पण असं नाव कुठे लागलं नव्हतं.

ता. क. २ (शनिवार, दुपार) : आले. एकटेच. सर उभे, मधुभाऊ बाथरूममध्ये, मी कागद धरून मध्ये. सर म्हणाले, ‘वाच, राजरत्न.’ मला तुझं नाव घ्यायचं नव्हतं आणि माझं तर मुळीच नव्हतं, म्हणून डोळे मिटून कागदावर होतं ते वाचलं. तारीख, वेळ, आणि नाव, गुणाजी. धाकूशेठ म्हणाले, ‘कोन गुणाजी?’ मी बोटाने भिंत दाखवली. हे मी का केलं मला माहीत नाही. बोट आपोआप गेलं.

दादा, तो माणूस उठला, फोटोपुढे गेला आणि हात जोडून कितीतरी वेळ उभा राहिला. अण्णांना ते ओळखत होते, त्यांच्या पहिल्या बिल्डिंगचा हिशेब अण्णांनी लिहिलेला. वळले तेव्हा डोळे भरलेले. म्हणाले, ‘पोरीचे नावाम्होरं ती अक्षरा आली, तवापासून मना झोप नाय. वाटला कोनीतरी वायट चिंतलाय. माजे पोरीचा कोनी वायट करावा असा मी काय केलाय, ह्योच इचार करतंव. म्हनून मानूस मागत व्हतो. त्याचे तोंडाव बगाचा व्हता, मनात काय हाय ते.’ मग हसले. आमच्याकडे हळदीला आधी पितरांना आवतण जातं, म्हणाले, लग्नगीतं म्हणणारी धवलारीण त्यात एकेकाचं नाव घेऊन बोलावते. या वेळी डीजे केला, धवलारीण राहिली. ‘मंग अण्णाच आठवन करून देनार ना! घरचा मानूस हाय.’ पाणी मागून प्यायले. चहा पण प्यायले.

मी इतके दिवस त्यांना घाबरत होतो आणि ते इतके दिवस घाबरलेले होते. भावना सांगायला तोंड उघडत होती, सरांनी तिच्याकडे असं बघितलं की तिने जांभई दिली.

ता. क. ३ (शनिवार, संध्याकाळ) : वरचं वाचून तुला बरं वाटलं असेल तर थांब. जाताना धाकूशेठ दारातून परत आले. पुतण्याची हळद पुढच्या आठवड्यात, त्याच हॉलमध्ये. ‘आता अण्णांना रीतसर आवतण देतंव. मेसेज बरोबर आला, म्हंजे अण्णा राजी. पन ज्यानी बिघडवला त्यानीच नीट केला, ह्यो मना कागदाव बगाचा हाय. जसा यो कागद, तसाच.’ सर, चहाने धीर आलेले, म्हणाले, ‘अर्थात शेठ! अण्णाच करतील! हा राजरत्न तुमच्यासमोर काढून देईल.’ शेठ म्हणाले, हाच पुतण्या, सूरज, कॉम्प्युटर इंजिनिअर आहे, तोच वाचेल.

आणि कागदावर काय निघणार, दादा? बिघडवलं, गुणाजी. नीट केलं, राजरत्न.

म्हणजे मेलेल्या माणसाने मागितलेलं आवतण मी न विचारता रद्द केलं. अख्ख्या कंपनीच्या जन्मापासूनच्या नोंदीत नावानिशी सापडेल असा एकच जिवंत माणूस, तो मी. भावनाला म्हटलं खोड ना ते. ती म्हणाली, ‘झालेलं कमिट खोडायचं नाही, हा नियम आहे, आणि तू त्यात वड्यांपासून सगळं लिहिलंयस, मला वाचायला आवडतं.’ म्हटलं, मग प्रोग्रॅमलाच सांगतो काहीही आलं तरी गुणाजीच छाप. लिहिला पण. मग तो माणूस फोटोपुढे उभा होता ते डोळ्यासमोर आलं आणि जागा मोजायच्या राहिल्या, आणि पायथनला तर जागा बरोबर लागते. रुसला.

शिवाय मी भीतीपोटी अजून एक केलं. प्रोग्रॅमला विचारलं, ‘तात्पुरतं’ हा शब्द आणखी कुठे आहे? स्क्रीन वर सरकायला लागली ती थांबेना. दादा, तू सगळंच तात्पुरतं केलंयस. लग्नाचं तात्पुरतं, साखरपुड्याचं तात्पुरतं, मुंजीचं तर ‘देवाच्या भरवशावर तात्पुरतं’. यातलं कुठलं कधी फुटेल ते फक्त तुला माहीत.

तर आता खरं खरं काम. फोनवर ‘हो, मीच’ म्हणून भागणार नाही. तू स्वतः ये. धाकूशेठसमोर बस, मनात वाईट काही नव्हतं हे तोंडावर दिसू दे (तुझं तोंड तसं चांगलं आहे), आणि बाकीची तात्पुरती कायमची करून जा. तू आलास तर मी उभा राहतो तुझ्या बाजूला. एकट्याच्याने होणार नाही.

ता. क. ४ (रविवार) : पत्र पोस्टात टाकलं असतं तर तुला हळद होऊन गेल्यावर मिळालं असतं, आणि तुला ‘येत नाही’ म्हणायला वेळ पण मिळाला असता. म्हणून मी टाकलंच नाही. कल्याणहून एसटी पकडली. हे शेवटचं तुमच्या जिन्यात बसून लिहितोय, अक्षर त्यामुळे असं. शेजारच्या काकूंना मी वसुलीचा माणूस वाटतोय, त्या दोनदा डोकावल्या. आतून वहिनीचा आवाज येतोय, तू घरात आहेस, बाळी रडतेय, म्हणजे दात येतायत. बेल दाबायचा धीर होत नाही म्हणून पत्र दाराखालून सरकवतोय. सावकाश वाच. वाचून झालं की दार उघड. सोबत येताना कमरेचा पट्टा घे, परतीच्या गाडीत मला मागच्याच दोन सीट मिळाल्यात.